माशाचा उपाशी शुक्रवार

बद्रिया रोज गुडघ्यांना शिव्या घालत जिना चढायची. बगदादच्या करादा भागातल्या त्या इमारतीची लिफ्ट कधीपासून बंद होती ते इमारतीलाही आठवत नसेल, आणि दातांचा दवाखाना होता तिसऱ्या मजल्यावर. बारा वर्षं ती तिथे झाडलोट करत होती. वर पोचली की ती भिंतीला टेकून दम खायची, आणि झाडूला हात लावायच्या आधी बाकड्यासमोरच्या फिशटँकपाशी जायची.

टाकीत पाच गोल्डफिश होते. आता एक उरला होता. सगळ्यांत जाडा, केशरी, पोट पुढे काढून फिरणारा. बद्रियाने त्याचं नाव शेख ठेवलं होतं.

गुरुवारी चौथा मासा पोट वर करून तरंगताना सापडला, तेव्हा डॉक्टर सुंदुसचा धीर सुटला. तिने स्वतः हौसेने आणलेली टाकी होती ती. बद्रियाला ती मुलाच्या नावावरून, गझवानची आई म्हणून, हाक मारायची.

"उम्म गझवान, हा शेवटचा गेला ना, की टाकी काढून टाकायची. दातासाठी रडायला आलेली पोरं माशासाठी रडत घरी जातात. आणि पोरांच्या आया माझ्याकडे कशा बघतात! हिला मासे जगवता येत नाहीत, ही आमचे दात काय जगवणार."

"देवाची मर्जी, डॉक्टर," बद्रिया म्हणाली. पण तिची नजर शेखकडे गेली. सकाळी सात वाजता आपण आल्याचा आनंद होणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं.

खरं तर माशांच्या खाण्यापिण्यात तिने काही कमी ठेवलं नव्हतं. आल्याबरोबर एकदा, फरशी पुसून झाल्यावर एकदा, चहाच्या वेळी स्वतःच्या पावातला मऊ गर कुस्करून, आणि निघताना मूठभर, रात्र मोठी असते म्हणून. शुक्रवारी दवाखाना बंद. तरी ती किल्ली घेऊन मिनीबसने यायची, तीन मजले चढायची, दाणे टाकायची आणि परत जायची. एवढ्या उन्हात, सुट्टीच्या दिवशी, माशासाठी! शेजारणी हसायच्या. पण आपल्या ओळखीचं कोणी दिवसभर उपाशी आहे, हे माहीत असताना बद्रियाच्या घशाखाली घास उतरत नसे.

हसणाऱ्या शेजारणी वयाने लहान होत्या, त्यांनी इराकच्या नाकेबंदीची वर्षं पाहिली नव्हती. बद्रियाने पाहिली होती. नवरा कुवेतच्या लढाईतून परत आला नाही. रेशनचं पीठ कितीदा चाळलं तरी दाताखाली कचकच यायची. वांगं सकाळी, वांगं दुपारी, वांगं रात्री. मुलगा गझवान तेव्हा नऊ वर्षांचा. तासातासाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. मागायचा काही नाही. तोंड जरासं उघडं, नजर तिच्याकडे. ती तोंड फिरवून रिकामं पातेलं ढवळत बसायची. एक दिवस त्याने दारात येणं बंद केलं. पोराला भुकेची सवय झाली, असं ती समजली. तीस वर्षं होत आली, पण ते आठवलं की अजून तिची मान खाली जायची.

शुक्रवारी ती टाकीतलं पाणी बाटलीत भरून सूक अल-गझलच्या पशुपक्ष्यांच्या बाजारात गेली. पोपटांचा कलकलाट, कुत्र्यांची पिल्लं, धक्काबुक्की, आणि या सगळ्यात मासेवाला अबू रियाम चहा ढवळत शांत बसलेला. त्याने बाटली उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"खाला, हे पाणी आहे की भेंडीचा रस्सा?"

"चेष्टा करू नकोस रे. मरतायत ते. औषध दे काहीतरी."

"खायला कितीदा घालतेस?"

"मागतात तेव्हा."

"आणि मागतात कधी?"

"मी दिसले की."

अबू रियामने चहा खाली ठेवला. "अगं, मी समोर गेलो तर ते माझी मिशीसुद्धा मागतील! माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, खाला. दिवसातून एकदा, चिमूटभर. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. उरलेलं तळाशी कुजतं, आणि त्याच पाण्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. वीज जाऊन फिल्टर बंद पडला असेल तर तेवढंही नको. आता तीन दिवस दाणा बंद कर, रोज थोडं थोडं पाणी बदल. आणि पुढे आठवड्यातून एक दिवस कडक उपास."

"उपास? माशाला कुठला आलाय रमजान?"

"शुक्रवार धर. तुझ्याही पायांना सुट्टी."

"पण तो तोंड उघडून काचेशी येतो रे."

"भुकेने नाही येत तो. तू दिसतेस म्हणून येतो."

म्हणजे चौघांना आपणच मारलं. औषध नको नि काही नको, बद्रिया तशीच गर्दीतून बाहेर पडली आणि बसच्या थांब्यावर बसून रडली. ज्याला उपाशी ठेवलं तो पोरगा जगला, आणि ज्यांना भरभरून घातलं ते मासे मेले. हा कुठला न्याय, असं तिला देवाला विचारावंसं वाटलं. पण विचारण्याचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

तो आठवडा तिला जड गेला. बादलीने पाणी काढायचं, रात्रभर उघडं ठेवून शिळं केलेलं भरायचं, कंबर धरायची. शेख काचेशी यायचा, तोंड उघडायचा, मिटायचा, उघडायचा. बद्रिया हात ओढणीत गुंडाळून उभी राहायची. "नको बघूस रे माझ्याकडे," म्हणायची. मंगळवारपासून तिने रोज एक चिमूट घातली आणि दाण्यांचा डबा डॉक्टरांच्या कपाटात नेऊन ठेवला, हाताशी राहिला तर आपला भरवसा नाही म्हणून. गुरुवारी पाणी एवढं निवळलं की टाकीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. मग आला शुक्रवार.

शुक्रवारी गझवान जेवायला येत असे. आता अडतीस वर्षांचा, शाळेत भूगोल शिकवणारा, पोट सुटलेला. गेल्या महिन्यात त्याच्या रक्तात साखर निघाली होती. तरी बद्रियाने भात भरलेल्या भाज्यांच्या डोल्म्याचं पातेलं काठोकाठ भरलं होतं, आणि त्याच्या ताटात तिसऱ्यांदा वाढत होती. नजर मात्र घड्याळाकडे.

"बस, यूमा. खरंच बस. आणि तुझं लक्ष कुठंय?"

"मला दवाखान्यात सोड गाडीने. एकदा बघून येते. एकच चिमूट घालीन."

"कोणाला?"

मग तिने सगळं सांगितलं. चार मासे, बाटली, अबू रियामची मिशी, आजचा उपास. "तो म्हणतो, भुकेने येत नाही, मी दिसते म्हणून येतो. असं असतं का कुठे? तोंड उघडून उभा असतो तो! मला कळत नाही का भूक कशी दिसते? तू नाही का तसाच दारात..."

गझवानने हातातला घास ताटात ठेवला.

"भूक लागायची, यूमा. खोटं कशाला बोलू. पण दर वेळी नाही. कित्येकदा मी नुसताच यायचो. तू तिथे असायचीस म्हणून."

"मग यायचा का थांबलास?"

"मी आलो की तू तोंड फिरवून रडायचीस. म्हटलं, नको जायला."

बद्रिया हातात डाव घेऊन तशीच बसली. तीस वर्षं आठवड्याच्या आठवड्याला ती या पोराची भूक भागवत आली होती, आणि ते पोर तिला रडू येऊ नये म्हणून खात आलं होतं. तिने त्याचं ताट पुढे ओढलं आणि त्यातले चार डोल्मे काढून परत पातेल्यात टाकले. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्या ताटातून काही काढून घेतलं.

उन्हं उतरल्यावर दोघं दवाखान्यात गेली. तीन मजले चढताना गझवानने तिचा दंड धरला होता. शेख लगेच काचेशी आला, तोंड उघडून. बद्रिया त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. कपाटाकडे गेली नाही. मासा इकडून तिकडे फिरला, पुन्हा समोर येऊन थांबला, आणि तिथेच राहिला.

"पुढच्या शुक्रवारी ये," ती गझवानकडे न बघता म्हणाली. "मी काही करणार नाही जेवायला."

"काहीच नाही?"

"वांगं करीन एखादं," ती म्हणाली. "पण तू नुसता आलास तरी चालेल."