एका मिनिटाची तपासणी

कॉलेजच्या पहिल्या दिवशी शिपायाने मला फाटकातच अडवलं. "मम्मी लोगों की मीटिंग शनिवार को है, आज नहीं," तो म्हणाला. मी म्हटलं, मी विद्यार्थिनी आहे. त्याने माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या भांगाकडे पाहिलं, मग हातातल्या प्रवेशाच्या कागदाकडे, आणि बाजूला झाला. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. गोंदियातल्या एका प्रसूतिगृहात वीस वर्षं नर्स म्हणून काम केल्यावर मी पुन्हा बाकावर बसायला निघाले होते.

अभ्यासक्रम एका वर्षाचा होता, बायकांच्या आजारांच्या तपासणीचा. स्तनातली गाठ हाताला कशी लागते, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच कसा ओळखायचा, असं सगळं. शिकून झालं की एक गाडी घ्यायची, तिच्यात तपासणीचं टेबल बसवायचं आणि गावोगाव जायचं, एवढं माझं पक्कं होतं. लोक विचारत, या वयात हे काय सुचलं? मी सांगे, किती दिवस दुसऱ्याकडे राबायचं, आता स्वतःचं काहीतरी करायचं आहे. खरं कारण मी कोणाला सांगत नसे.

खरं कारण माझी मोठी जाऊ होती. कामठ्याजवळच्या गावात आम्ही एकाच घरात राहत होतो. मी नोकरी करू शकले ती तिच्यामुळे. माझी मुलगी तिच्या मांडीवर वाढली, माझा डबा तीच भरायची. एके सकाळी ती अंगणात तांदूळ पाखडत बसली होती आणि मी बससाठी निघाले होते. सुपावरची नजर न काढता तिने विचारलं, "तू नर्स आहेस न? माह्यी पाळी बंद होऊन साल झाला. आता मधातच डाग पडते वो. का असन?"

मी चपलेचा पट्टा लावत होते. "या वयात होते असं, जाऊबाई," मी म्हटलं. "गरमी असन." आणि मी गेले.

तिने पुन्हा विचारलं नाही. मीही नाही. दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या लुगड्यांना कधी कधी एक वास यायचा. तो वास मला कळायला हवा होता, पण घरातल्या माणसाच्या बाबतीत नाक तसं काम करत नाही. आठ महिन्यांनी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा खाली सगळं रक्त होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सांगितला आणि तिला सोडून मला विचारलं, "घरात नर्स असून इतका उशीर कसा झाला?" पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती गेली. शेवटच्या दिवसांत भेटायला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "माह्यी देरानी नर्स आहे. तिनं लय केलं माह्यं." मी तिथेच उशाशी बसलेली असायचे. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्गात सगळ्या वीस-बावीसच्या मुली. त्या मला काकू म्हणत. पुस्तकं इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. मुलगी तेव्हा बारावीत होती. सकाळी आम्ही दोघी एकाच टेबलावर बसायचो. ती माझा धडा मोठ्याने वाची आणि मी तो देवनागरीत लिहून काढी. "आई, सर्व्हिक्स म्हण, सर्विस नाही," ती हसून म्हणायची; गर्भाशयाच्या तोंडाचं ते इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नसे. त्या वर्षात मी हसले असेन तर त्या टेबलावरच.

ज्या दिवशी मॅडमनी ती तपासणी शिकवली तो दिवस मला पक्का आठवतो. मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होत्या. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरसारखं एक पातळ द्रावण गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि बघायचं. तिथे पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी लागते. डाग वेळेत सापडला तर तो भाग मशीनच्या गॅसने गोठवून नष्ट करतात, बाई त्याच दिवशी घरी जाते. "एक मिनिट," असं म्हणून मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, आणि ते मिनिट संपेपर्यंत त्यावरून नजर काढली नाही. मी उठून बाहेर गेले आणि जिन्यावर बसले. मॅडम मागून आल्या. "काकू, काय झालं?"

"वीस वर्षं नोकरी केली, मॅडम, पण हे मला कोणी शिकवलं नाही," मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. मीही कधी कोणाला विचारलं नव्हतं.

मी पास झाले. गोंदियातल्या एका बाई डॉक्टर मला त्यांच्या देखरेखीखाली तपासणी करू द्यायला तयार झाल्या. नवरा तोवर गोंदिया ते देवरी काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याने ते काम सोडलं आणि एक जुनी व्हॅन आणली. आतल्या सीटा काढून त्याने स्वतः टेबल ठोकलं, पायरी बसवली, खिडक्यांना दुहेरी पडदे लावले. त्याची वहिनी, माझी जाऊ, गेली तेव्हा तो तेरावं होताच कामावर गेला होता. टेबलाच्या कडा मात्र तो दोन दिवस घासत होता, कोणाला लागू नये म्हणून.

गावात पोचलो की तो गाडी आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, उभी करायचा आणि स्वतः लांब जाऊन गाडीकडे पाठ करून बसायचा. पुरुष माणूस जवळ असला तर बायका येणार नाहीत, हे त्याला सांगावं लागलं नाही. तरीही बायका येत नव्हत्या. म्हणजे गाडीपर्यंत यायच्या. "बीपी मोज वो सिस्टर," म्हणून हात पुढे करायच्या. साखर तपासायच्या. गुडघे, कंबर, डोळे, सगळं सांगायच्या. चार महिने चिखलात वाकून भाताची रोवणी, निंदणी करणाऱ्या बायका, कोणाचं अंग बाहेर यायचं, कोणाला वर्षानुवर्षं पांढरं पाणी जायचं, आणि हे त्या मला कानात सांगायच्या. पण टेबलावर चढा म्हटलं की पदर सावरून पायरीवरूनच मागे फिरायच्या. "मले का झालं आहे? कायले पाहतेस?" काहीच झालेलं नसतानाच पाहायचं असतं, हे मी दिवसातून वीस वेळा सांगायचे. ते त्यांना पटत नसे, आणि पटायचं तरी का? दुखत नसताना दवाखान्यात जायची चैन त्यांच्यापैकी कोणाला कधी मिळाली होती?

दहा चढल्या तर आठ-नऊ जणींचं सगळं ठीक निघे, उरलेल्यांना साधी औषधं पुरत. त्या हसत खाली उतरत. मला वाटायचं, होईल हळूहळू.

देवरीच्या पलीकडच्या एका गावात चाळिशीची एक बाई आपणहून आली. बीपी नको म्हणाली, सरळ पायरी चढली. मी द्रावण लावलं, मिनिट मोजलं. डाग इतका स्पष्ट होता की मला दिवा जवळ घ्यावा लागला नाही.

ती उठून बसली. मी तिला सगळं समजावलं. हा कॅन्सर नाही, पण असाच सोडला तर होऊ शकतो. गोंदियाला एक दिवस यायचं, डॉक्टर बघतील, बहुतेक त्याच दिवशी काम होईल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मले मराचं आहे का?"

"नाही. म्हणूनच तर सांगून राहिली. आता आलीस तर काही होत नाही."

"रोवणी झाल्यावर येतो."

रोवणी झाली तरी ती आली नाही. तिचा नंबर म्हणजे नवऱ्याचा नंबर. तो फोन उचलून ठेवून द्यायचा. शेवटी आम्ही गाडी घेऊन तिच्या गावी गेलो. या वेळी आखरावर एकही बाई आली नाही, बीपी मोजायलाही नाही. तिची सासू दारातच उभी राहिली. "काऊन आलीस वो? चांगली होती माह्यी सून. तुह्या गाडीत चढली आन् बिमारी घेऊन उतरली."

मी सुनेला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाऊन गाठलं. ती धानातलं गवत काढत होती. मला पाहून बाकीच्या बायका सरकल्या. तिच्यापासूनही त्या जरा अंतर ठेवूनच होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"सिस्टर, तुमी सांगतलं नसतं त बरं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माह्यं ताट वेगळं केलं घरी. पोरीले माह्याजवळ झोपू देत नाई. माह्या हातचं पानी कोनी घेत नाई आता."

हा रोग असा पसरत नाही, असं मी म्हणू लागले. तिने मान हलवली. "मले नोका सांगू. त्याइले सांगा."

 मी म्हटलं, चल, आत्ता चल माझ्याबरोबर, आज हे संपवून टाकू. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आली. मग तिने हातातलं गवत टाकलं, पाय धुतले आणि गाडीत येऊन बसली. ओल्या काठाच्या लुगड्यातच. वाटेत माझा नवरा आरशातून मागे पाहायचंसुद्धा टाळत होता.

आमच्या बाई डॉक्टर त्या आठवड्यात बाहेरगावी होत्या, म्हणून मी तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत आम्ही रांगेत बसलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, माझं निदान बरोबर आहे म्हणाले, आणि आतून एक सिस्टर येऊन म्हणाली, "मशीनची गॅस खतम आहे. पुढच्या सोमवारी आणा यांना." मी हात जोडले. दुसरीकडून सिलिंडर मागवता येतो का विचारलं. ती म्हणाली, मी काय करू बाई, माझ्या हातात आहे का? तिच्या हातात नव्हतंच. त्या जागी मीही वीस वर्षं हेच म्हणत आले होते.

आम्ही तिला घरी सोडलं. दारात उतरताना ती म्हणाली, "झालं का?" मी म्हटलं, सोमवारी. तिने माझ्याकडे पाहिलं. ती सोमवारी येणार नाही, हे मला तिथेच कळलं.

सोमवारी मी गेले तेव्हा घराला कुलूप नव्हतं, पण कोणी दार उघडलं नाही. धान निघाल्यावर ते कुटुंब मिरची तोडायला तेलंगणात गेलं. नवऱ्याचा नंबर बंद झाला.

गाडीची बातमी आमच्या आधी पुढच्या गावांत पोचू लागली. गाडी आली की बायकांना कॅन्सर सांगते, अशी. अर्जुनी मोरगावच्या बाजूला गेलो, तिथे कोणाला माहीत नसेल म्हणून. तिथल्या सरपंचबाई चांगल्या होत्या, त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण सापडल्यावर पुढं काय, ते तुमच्याजवळ आहे का?"

माझ्याजवळ नव्हतं. माझ्याजवळ एक मिनिट होतं. त्याच्यापुढचे सगळे दिवस दुसऱ्यांच्या हातात होते. नवऱ्याच्या, सासूच्या, दवाखान्याच्या आणि सिलिंडरच्या. एवढी साधी गोष्ट मी अभ्यासक्रमात कुठे शोधली नाही, आणि जावेच्या आठवणीने पेटून उठले तेव्हाही माझ्या मनात आली नाही. मला वाटलं होतं, जाऊ गेली ती फक्त मला माहीत नव्हतं म्हणून.

काही महिन्यांनी मी नवऱ्याला म्हटलं, "अजी, राहू द्या आता." तो म्हणाला, "एखादं गाव अजून पाहू." आम्ही अजून तीन गावं पाहिली. मग त्याने गाडीची बॅटरी काढून ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात देवरीच्या बाजारात मला ती बाई दिसली. वाळली होती. हातात पिशवी होती. तिनेही मला पाहिलं आणि ती भाजीच्या दुकानामागे वळली. मी दोन पावलं गेले आणि थांबले. हाक मारली असती तर सगळ्या बाजाराने तिच्याकडे पाहिलं असतं. तिला आता काय होतं, तिने पुढे कुठे दाखवलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. उन्हात उभी राहून मी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. नवरा बसची वेळ विचारून आला तरी मी तिथेच होते.

मी पुन्हा प्रसूतिगृहात काम करते. बाळंतिणीबरोबर तिची आई येते, सासू येते. एखादी संकोचत विचारते, "सिस्टर, या वयात डाग पडते, का असन?" मी हातातलं काम टाकते आणि तिला तपासायला आत चला म्हणते. काही जणी येतात. बऱ्याच जणी म्हणतात, आता नातवाचं पाहू दे, मग येऊ. त्या जातात, आणि मी तिथेच उभी असते.