राणीच्या वाटेवरची बंद गॅलरी

कोल्हापूर सोडताना माझ्यापाशी गुळाची एक ढेप होती, नातीसाठी विणलेलं टोपडं होतं आणि भरपूर काळजी होती. नात रेवा, वर्षाची व्हायची आहे अजून. छातीत कफ भरला म्हणून नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आठवडाभर काढून घरी आली होती, पण खोकला काही हटेना. माझी लेक मुक्ता फोनवर "बरी आहे गं" म्हणायची आणि मागून तो खोकला मला ऐकू यायचा. शेवटी मी तिकीट काढलं.

मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर नववीच्या मुलींना फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं शिकवली. राजाची उधळपट्टी, करांचा बोजा, विषमता, धान्याची टंचाई. झोपेतून उठवून विचारा, मुद्दे पाठ. दरवर्षी एखादी चुणचुणीत मुलगी हात वर करायचीच, "बाई, लोक तर पिढ्यान्‌पिढ्या गरीब होते. मग त्याच वर्षी का उठले?" मी म्हणायचे, "सगळी कारणं एकत्र आली म्हणून. लिहा." खरं सांगायचं तर कोल्हापूरच्या माणसाला राजावर उठणं आतून कळतच नाही. आमच्याकडे महाराजांचं नाव निघालं की रिक्षावाला हँडलवरचा हात काढून छातीला लावतो.

गाडी विदर्भात शिरली तेव्हा पोळ्याचा दिवस उजाडला होता. काळ्याभोर मातीत कपाशी गुडघ्याएवढी झालेली, आणि स्टेशनास्टेशनाबाहेर शिंगं रंगवलेले, झुली पांघरलेले बैल. नागपूरला उतरले तर हवा अशी दमट, की चष्म्याची काच पुसून पुसून पदर ओला झाला. बाहेर ऑटो (आपली रिक्षा) मिळाली.

"कुठं जाचं आहे, काकू?"

"महाल भागात."

"आजच जाऊन घ्या. उद्या तिकडं गाडी जाणार नाही. मारबत हाय ना."

"मारबत म्हणजे?"

त्यानं आरशातून माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आमच्या राणीले जाळतो ना आम्ही उद्या!"

"कुठल्या राणीला?"

"इथलीच. राजाच्या घरची. इंग्रजाले मिळाली होती म्हणतेत जुने लोकं. दरसाल जाळतो."

एवढं बोलून त्यानं हॉर्न वाजवला आणि एका बैलाला वळसा घातला. राणीला दरसाल जाळतात हे त्यानं दूध दरसाल महागतं अशा थाटात सांगितलं होतं. मी मात्र पिशवी घट्ट धरून बसले. इतिहास शिकवण्यात जन्म गेला आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मुक्ताचं सासर म्हणजे राजवाड्यातल्या कारकुनांचं घर. नागपूरच्या राजांच्या मागोमाग हे लोक इकडे आले, पिढ्यान्‌पिढ्या दफ्तरं लिहिली. जुनं घर पाडून आता तिथं तीन मजली इमारत आहे आणि पहिल्या मजल्यावर मुक्ताचा संसार. पण गल्लीत अजूनही तिला कारकुनांचंच घर म्हणतात. जावई सावनेरच्या कोळसा खाणीत इंजिनिअर, त्यामुळे आठवड्यातून दोनदा घरी दिसणार. घराचा कारभार विहीणबाईंकडे. प्रमिलाताई त्यांचं नाव. कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांच्यासमोर मी हेडबाईंपुढे उभी राहिल्यासारखी पदर सावरते.

रेवा माझ्याकडे आली, हसली आणि खोकली. इवलीशी छाती भात्यासारखी हलत होती. डॉक्टरांचं औषध चालू होतं, वाफ चालू होती. गर्दीत नेऊ नका, एवढं त्यांनी बजावलं होतं.

रात्री पुरणपोळ्या झाल्या. विहीणबाईंनी तुपाची धार धरली ती माझ्या "पुरे पुरे"ला न जुमानता. तेवढ्यात मुक्तानं सासूकडे वळून विषय काढला.

"आई, उद्या मारबत आपल्या खालूनच जाते. रेवाला गर्दीत नाही नेणार मी. फक्त गॅलरीचं दार उघडायचं आणि तिला घेऊन उभं राहायचं. घरातली रोगराई ती घेऊन जाते म्हणतात. खालच्या नंदाताई पण म्हणत होत्या."

विहीणबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "मुक्ता, तुला माहीत आहे. ती निघाली की आपल्या घराचं दार उघडत नसते. ना खालचं, ना गॅलरीचं."

"पण काहून, आई?" माझी लेक एव्हाना अस्सल नागपूरची झाली होती.

"मीठ खाल्लं आहे आपल्या घरानं त्या घराचं. ज्यांचं खाल्लं त्यांची अशी धिंड पाहायची नाही. माझ्या सासूबाईंनी नाही पाहिली, त्यांच्या सासूबाईंनी नाही पाहिली."

मुक्तानं आशेनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी? मला मनातून विहीणबाईंचंच पटलं होतं. निष्ठा म्हणजे निष्ठा. मी म्हटलं, "घरच्या रीतीत मी काय बोलणार?" मुक्ता ताट उचलून आत निघून गेली.

सकाळी मला कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खायला घालायचं खालच्या नंदाताईंनी ठरवलं होतं. या नंदाताई तळमजल्यावर ब्लाउज शिवतात, आणि बोलायला लागल्या की मशीन बंद ठेवतात. "आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला तिखटाचं कौतुक नका सांगू," असं म्हणून मी पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला कानातून वाफा निघाल्या. तांबड्या रश्श्याची सगळी घमेंड एका प्लेटीत उतरली. ठेलेवाला हसून म्हणाला, "पाणी नका पिऊ, काकू, अजून लागन."

मग गल्ल्यागल्ल्यांतून त्या मला मारबतीपाशी घेऊन गेल्या.

मी जागच्या जागी थांबले. बांबू, कागद आणि कापडाची ती काळी बाई घरांच्या पहिल्या मजल्याला भिडली होती. बटाट्याएवढे नव्हे, परातीएवढे डोळे, बाहेर आलेली लाल जीभ, हातभर बांगड्या. मला वाटलं होतं लोक तिला शिव्या देत असतील. तर तिच्यासमोर बायकांची रांग! हातात ताटं, ताटांत हळदकुंकू, नारळ, खण. एकेक जण पुढे होऊन तिची ओटी भरत होती. लहान पोरांना तिच्या पायावर घालत होती. नंदाताईंनीही खण ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

मला राहवेना. "नंदाताई, जिची ओटी भरता तिलाच संध्याकाळी जाळता?"

"मंग! माय होती ना ते आमची. राणी म्हणजे मायच. तिनं लेकरायले वाऱ्यावर सोडलं म्हणतेत. राग येईन का नाही?"

"पण राज्य गिळलं इंग्रजानं. त्याला का नाही जाळत?"

त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "तो तं परका होता, काकू. त्याच्याकडून कोणी आस धरली होती?"

कोणी म्हणतात ही पूतना, कोणी म्हणतात राणी. त्या राणीनं नेमकं काय केलं, कोणत्या अडचणीत केलं, ते कागदपत्रांत शोधायला हवं, हे माझ्यातल्या शिक्षिकेला कळत होतं. पण त्या रांगेत इतिहासाचं पुस्तक कुणाच्याच हातात नव्हतं. एक बाई दारुड्या नवऱ्याबद्दल तिच्या कानात सांगत होती. दुसरी म्हणत होती, पोराले काम लागत नाही. सगळ्या गावाची दुखणी त्या एका बाईच्या अंगावर चढत होती आणि ती डोळे वटारून सगळं ऐकून घेत होती. मुद्दे क्रमांक एक ते चार मला तिथं चालतेबोलते दिसत होते, हातात नारळ घेऊन.

घरी परतले तर भर सकाळी अंधार. खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, गॅलरीच्या दाराला कडी. मुक्ता कोपऱ्यात रेवाला खांद्यावर घेऊन बसली होती. दुरून ढोल ऐकू येऊ लागले होते. रेवा खोकायला लागली ती थांबेचना. खोकून खोकून तिचा चेहरा लाल झाला, आणि मग दमून ती नुसतीच बारीक कण्हत राहिली.

विहीणबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गप्प बसवेना म्हणून मी त्यांना नंदाताईंचं बोलणं सांगितलं. माय होती, म्हणून राग. परका असता तर राग आला नसता.

त्यांनी गॅलरीच्या कडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विहीणबाई, मिठाची गोष्ट नंतरची आहे."

"म्हणजे?"

"सासूबाईंनी मला सांगितलं होतं. शेवटच्या आजारात. राज्य गेलं तेव्हा फौजेतली माणसं घरी बसली, विणकरांचे माग थांबले. वाड्यापर्यंत त्यांना कोण जाऊ देणार? ते वाड्याच्या माणसांकडे आले. आमच्या दारात आले. कोठीत धान्य होतं आमच्या. एक बाई तान्हं लेकरू घेऊन कडी वाजवत होती म्हणे. नाव घेऊन हाका मारून राहिली होती, ओळखीची होती ना रोजच्या. आतून सगळे ऐकून राहिले होते. पण कुणी उठलं नाही."

ढोल आता गल्लीच्या तोंडाशी आले होते.

"तेव्हापासून मारबत निघाली की आमचं दार बंद. निष्ठा नव्हती हो ती. भीती होती, लोक जाब विचारतील याची. पुढच्या पिढ्यांना निष्ठा म्हणून सांगितली."

आयुष्यभर फळ्यावर लिहिलेली विषमता मला त्या अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा दिसली. वाडा आणि झोपडी यांच्यातलं अंतर म्हणजे विषमता, असं मी शिकवलं होतं. त्या दोघांच्या मधे एक दार असतं, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

रेवा पुन्हा खोकली. मुक्ता उठून गॅलरीच्या दाराशी उभी राहिली. ती काही मागत नव्हती, नुसती लेकराला छातीशी धरून सासूकडे पाहत होती. आणि प्रमिलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. तान्हं लेकरू घेतलेली एक बाई दाराशी उभी आहे, हे मला दिसलं तसं त्यांनाही दिसलं असावं. त्यांचा चेहराच बदलला. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या, गॅलरीपाशी गेल्या. कडीवर हात ठेवला, पण गच्च बसलेली कडी निघेना. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "नाही, मलाच काढू द्या."

दार उघडलं आणि सगळं नागपूर आत आलं. ढोल, धूळ, उन्हाचा लोळ, हजारो माणसांचा एकच आवाज, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" खाली रस्ता दिसतच नव्हता, नुसती डोकी. पुढे बडगे (माणसांचे पुतळे) नाचत होते. एक रस्त्यावरच्या खड्ड्यांचा, एक महागलेल्या सिलिंडरचा, एक पेपरफुटीचा. आजच्या राजांनाही सुट्टी नव्हती. आणि त्यांच्या मागून, डुलत डुलत, ती आली. गॅलरीच्या बरोबरीनं तिचा चेहरा आला. परातीएवढे डोळे आमच्यापासून दोन हातांवर. मी इतकी भारावून गेले की हात आपोआप जोडले गेले.

मुक्ता रेवाचं नाक पदरानं झाकून दाराच्या आतच उभी होती. विहीणबाई मात्र कठड्याला टेकून पुढे वाकल्या. आणि आवाज कधीही न चढवणारी ती बाई घसा ताणून ओरडली, "खोकला घेऊन जा गे मारबत!"

आवाज फाटला, बारीकच निघाला. पण खाली नंदाताईंनी वर पाहिलं. "अवो बाप्पा! कारकुनांचं दार उघडलं वं!" त्यांनी हात उंचावून शेजारच्यांना दाखवलं. माना वर झाल्या. मला एक क्षण धडकी भरली. आणि मग खालून, ओळख ना पाळख अशा माणसांनी, आमचं दुखणं उचललं.

"खोकला घेऊन जा गे मारबत! लेकराचा खोकला घेऊन जा गे मारबत!"

गाडा पुढे सरकेपर्यंत लोक तेच ओरडत होते. प्रमिलाताई रडत होत्या आणि रडणं लपवत नव्हत्या. मुक्तानं मोकळ्या हातानं त्यांचा खांदा धरला.

काळ्या मारबतीची आणि दुसऱ्या वस्तीतून निघणाऱ्या पिवळ्या मारबतीची गाठ पडली, तलावाकाठी दोघी जळल्या, हे संध्याकाळी नंदाताईंनी येऊन सांगितलं. येताना त्यांनी पाटोडी (बेसनाच्या वड्या) आणली होती, आणि पहिल्यांदाच त्या विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. रेवाचा खोकला त्या रात्री गेला नाही. औषधानं हळूहळू उतरत गेला, मी निघेपर्यंत ती पोटभर झोपायला लागली होती. श्रेय कुणाला द्यायचं यावर आमच्या घरात आजही दोन तट आहेत.

कोल्हापुरात उतरले, रिक्षा जुन्या वाड्यावरून गेली, रिक्षावाल्याचा हात छातीला गेला. माझाही गेला. सवय ती, आणि प्रेमही खरं. पण या वेळी मी वाड्याच्या आजूबाजूच्या घरांची दारंही पाहत गेले. त्या चुणचुणीत मुलींना आता मला सांगायचं आहे, गरिबीमुळे माणूस उठत नाही गं. हाक मारून, ओळख सांगून, कडी वाजवून झाल्यावर आतून कुणी उठत नाही, तेव्हा बाहेरचा माणूस उठतो.

दुपारी जेवायला बसले आणि दाराची बेल वाजली. एरवी जेवताना मी दार उघडत नाही, सगळी गल्ली हे जाणते. हातातला घास ताटात ठेवला, आणि हात न धुताच मी दाराकडे धावले.