गाण्यांचे चौकोन

फिरायला निघालं की बँकेतून मोबाइलवर फोन येतो आणि गाणं मध्येच तुटतं. म्हणून मला नुसती गाणी वाजवणारा प्लेअर हवा होता, बाकी काही नको. बदली होऊन जयपुरात आल्यापासून तेवढीच काय ती माझी चैन.

झोटवाड्यातल्या दुकानदाराने तीन प्लेअर काढले. पहिल्याला स्क्रीनच नव्हता; हवं ते गाणं येईपर्यंत बटण दाबत बसा. दुसरा सगळा टचचा. घामेजलेलं बोट लागलं की भलतंच काहीतरी सुरू. तिसरा मात्र झकास होता, आवाज गोड, बटणं मोठी. त्यात माझं कार्ड घातलं, तर मराठीत नावं दिलेल्या माझ्या सगळ्या गाण्यांच्या जागी नुसते चौकोन उमटले. भावगीतही चौकोन, अभंगही चौकोन!

"नाम अंग्रेजी में कर दीजिए," दुकानदार सहज म्हणाला.

माझं डोकंच सणकलं. एवढ्या गाण्यांची नावं आता इंग्रजीत लिहीत बसू? "भैया, मुझे बहुत राग आ रहा है!" मी ओरडले.

त्याचा चेहरा खुलला. "कौन-सा, मैडम? शास्त्रीय भी भरके दे देंगे."

हिंदीत राग फक्त गातात, हे विसरलेच होते. आणि 'गुस्सा' हा शब्द ऐनवेळी आठवेना.

रिकाम्या हातानं घरी आले. नवऱ्यानं नुसतं "मिळाला का?" एवढंच विचारलं. मग त्यालाच सगळा राग ऐकवला, आलापीसकट.