साहेबांची घंटी

बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे कॅनडात रेजिनाला आले, तेव्हा माझी एकच इच्छा होती. माझी मॅनेजर घरी चहाला यावी आणि बाबांनी तिच्यासमोर खुर्चीत बसून राहावं.

बाबा अकोल्याला सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या दाराबाहेर त्यांचं स्टूल होतं. आतून घंटी वाजली की ते उठत. नोकरी सरकारची, पण साहेबांच्या घरची भाजी तेच आणत आणि साहेबांच्या मुलांना शाळेतही तेच सोडत. रिटायर झाल्यावरही कुणी बडं माणूस दारात दिसलं की ते ताडकन उभे राहायचे. मला त्या सवयीचा भयंकर राग यायचा.

त्या हिवाळ्यात मी रोजगार कायद्याचा कोर्स करत होते. बेसमेंटमध्ये बसून वाचलेलं बाबांना सांगायचे. जुन्या इंग्रजी कायद्यात मालक आणि नोकर असंच नातं असे, आणि तोच कायदा कॅनडातही आला. नोकर म्हणजे फक्त घरगडी नव्हे. काय करायचं आणि कसं करायचं, हे दोन्ही ज्याला दुसरा सांगतो तो नोकर, मग तो शेतावर असो की दुकानात. मुदतीआधी काम सोडलं तर नोकराला तुरुंगसुद्धा होई. मालकानं शब्द मोडला तर फार तर भरपाई.

बाबा शेंगा फोडत ऐकत होते. "हे सारं लिहून ठेवलं होतं त्याईनं?"

"हो ना."

"आपल्याकडं न लिहिताच चाले," ते म्हणाले आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

शेवटी एका शनिवारी मॅनेजर यायची ठरली. मी सकाळपासून बाबांच्या मागे लागले. "बाबा, ती आली की उठायचं नाही हं. इथे असं कोणी करत नाही. जस्ट हॅलो म्हणायचं."

"बरं," बाबा म्हणाले. मला काही भरवसा वाटला नाही.

बेल वाजली आणि मी धावले. तिचा कोट घेतला, बूट नीट लावून ठेवले, चांगली खुर्ची पुढे सरकवली. ऑफिसात सगळे तिला नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते नाव अजूनही निघत नाही, त्यामुळे मी नुसतीच हसत होते. पाणी आणलं, पोहे आणले, चहा आणला आणि ट्रे हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिले.

बाबा उठले नव्हते. बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले होते, आणि आता ते आरामात बशीत चहा ओतून पीत होते. मॅनेजरनंही त्यांचं बघून बशीत चहा ओतला, थोडा सांडला, आणि दोघंही हसली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

तिनं मला दोनदा बसायला सांगितलं. "आय अ‍ॅम फाइन," मी म्हणाले. काही लागलं तर, म्हणून मी उभीच होते.

बाबांनी बशी खाली ठेवली. आधी माझ्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि शेजारची खुर्ची पायानं हळूच बाहेर सरकवली.

"बस ना वं माय," ते म्हणाले. "घंटी नाही वाजली अजून."