वशिंडावरचा नाखवा

खलील नाखवा डोंगरात हरवला, हे गावानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळ्यांना काळजी वाटली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं. तिसऱ्यांदा त्याला शोधायला जी चार माणसं निघाली, ती आधी निवांत चहा पिऊन निघाली.

नाखवा म्हणजे होडीचा धनी. खलीलची होडी होती, आणि तीस वर्षं तिचं सुकाणूही त्याच्याच हातात होतं. मग जाळं ओढायच्या यंत्रात उजवा हात सापडला, तीन बोटं वाकली ती वाकलीच. दोर धरता येईना तेव्हा त्यानं होडी धाकट्या भावाच्या हवाली केली आणि बायकोला म्हणाला, चल तुझ्या गावाला. जहुरा आईबापाची एकुलती एक. माणगावपासून तासाभरावर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, तिच्या बापाचं कौलारू घर आणि दहा-बारा आंब्यांची झाडं तशीच पडून होती. मुलगा हारिस आखातात, दोह्याला नोकरीला. त्याचं म्हणणं, दोघांनी तिकडेच यावं. खलील एकदा वीस दिवस राहून आला होता. दहाव्या मजल्यावरच्या त्या घराची खिडकी उघडत नाही, एवढंच तो त्याबद्दल सांगायचा, पण दर वेळी सांगायचा.

जहुराच्या गावात त्याला राहायचं होतं त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते घराच्या मागेच उभं होतं. गाव त्याला वाघजाईचा डोंगर म्हणे. दर्यावरची माणसं त्यालाच वशिंड म्हणतात, कारण लांबून तो बैलाच्या खांद्यावरच्या उंचवट्यासारखा दिसतो. त्याच्या मागे एक बारीक सुळका आहे, तो सुई. होडीतून बघताना सुई बरोबर वशिंडाच्या मधोमध आली की समोर खाडीचं खोल पाणी. जरा इकडेतिकडे झाली की खाली खडक. होडीवर वाट दाखवणारी यंत्रं आली, त्यांचे उजळते पडदे आले, तरी खलील शेवटी मान वर करून वशिंड बघायचा आणि मगच होडी आत घालायचा. ज्याच्या भरवशावर तीस वर्षं जिवंत घरी आलो, त्याला एकदा जवळून भेटायला हवं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

भेटायला गेला तोही दर्यावरच्या रीतीनंच. सुई वशिंडाच्या मधोमध धरली आणि नाकासमोर चालत सुटला. आता पाण्यावर दोन खुणांच्या मध्ये पाणीच असतं. इथं मध्ये एक घळ होती, घळीत माणसाच्या डोक्यावर जाणारी कारवी होती, आणि कारवीत शिरल्यावर ना सुई दिसेना ना वशिंड. दुपारी चौघांनी येऊन त्याला बाहेर काढलं. अंगभर ओरखडे, एक चप्पल गायब. पंधरा दिवसांनी पुन्हा गेला, तेव्हा भलत्याच सोंडेवरून उतरला आणि पलीकडच्या खोऱ्यात निघाला. तिथून टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून घरी. मार्च महिन्यात तिसऱ्यांदा गेला तो एका कड्याच्या पोटाशी अडकला, ना वर जाता येई ना खाली. त्याला दोराला बांधून उतरवताना कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, आणि ते त्याच संध्याकाळी दोह्याला पोचलं.

हारिसनं दुसऱ्या दिवशी फोन केला. चिडला नाही, आवाजही चढवला नाही, आणि म्हणूनच खलीलला जास्त लागलं. ऑक्टोबरात तो सुट्टीवर येणार होता. तोवर अब्बा आणखी एकदा हरवले तर जाताना दोघांना घेऊनच जाणार, यावर चर्चा नको, एवढं त्यानं सांगितलं. खलीलनं आशेनं जहुराकडे बघितलं. ती म्हणाली, पोरगा बरोबर बोलतोय. तिचं काही चुकलं नव्हतं. तीस वर्षं ती किनाऱ्यावर उभी राहून वाट बघत आली होती, आणि आता अंगणात उभं राहूनही तेच करायचं म्हटल्यावर तिला वीट आला होता.

डोंगराचा नाद सोडून गप्प घरी बसणं हा एक सोपा मार्ग होता. पण खलीलनं आयुष्यात सोपं काही केलं नव्हतं, आणि छप्पन्नाव्या वर्षी सुरुवात करायची त्याची इच्छा नव्हती. तो डोंगरातल्या पाणवठ्यावर गुरं आणणाऱ्या, पठारावरच्या धनगरवाड्यातल्या सदाकडे गेला. सदा त्याच्याच वयाचा, गुरांमागे जन्म गेलेला. गावाबरोबर तोही खलीलला हसला होता, पण तोंडावर हसला होता, म्हणून खलीलला तो बरा वाटे.

खलीलनं विचारलं, धुकं पडलं, शिखरं दिसेनाशी झाली, की तू वाट कशी धरतोस?

"शिखराकडं कोन बघतंय, खलीलभाय?" सदा म्हणाला. "तिथं आपलं काय हाय? ढोरं खाली बघून चालतात. आमच्या पायाला कळतं."

खलील उतरताना वाटेतच थांबला. त्याला बाप आठवला. बाप दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडायचा. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे, तिला चिकटून तळाचा चिखल नाहीतर वाळू वर येई. ती बोटांत चोळून बाप सांगायचा, आपण अमुक ठिकाणी आहोत. कधी न बघितलेला दर्याचा तळ खलीललाही असाच पाठ झाला होता. आणि डोंगरात आल्यावर आपण तीन वेळा नुसतं वर बघत चाललो! त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेची फजरची नमाज झाली की तो निघे. शिखराकडे बघायचं नाही, हा नियम. पहिला आठवडा फक्त पाणवठ्यापर्यंत. चप्पल काढून हातात घ्यायची आणि पायाखाली काय आहे ते तोंडानं म्हणत जायचं: लाल माती, सुटी खडी, मग गुळगुळीत कातळ, मग ढोरांनी तुडवलेली मऊ वाट. रोज पन्नास-शंभर पावलं पुढे आणि परत. पाय सोलवटले, काटे मोडले, जहुरा सुईनं काढत बसली आणि बडबडत राहिली. गावातले विचारत, नाखवा, आज कुठवर? तो खरं सांगायचा, कालच्यापेक्षा जरा पुढे. पावसाळ्यातही गेला. पाण्यानं कातळाचा स्पर्श बदलतो, तर तोही पाठ करायला हवा, असं त्याचं म्हणणं. ऑगस्ट सरेतो पायांना पठारापर्यंतची वाट तोंडपाठ होती. वरच्या टोकापर्यंत तो दोनदा जाऊन आला आणि कुणाला बोलला नाही.

सप्टेंबरात एका सकाळी जहुरा चप्पल घालून दारात उभी राहिली.

"आज मी येते. तुमचं काय चाल्लंय ते माझ्या डोळ्यांनी बघते. मग हारिसला काय सांगायचं ते मी ठरवीन."

 गावच्या डोंगरावर ती कधीच पाणवठ्याच्या वर गेली नव्हती. लहानपणी मुलींना कुणी जाऊ देत नसे आणि नंतर लग्न झालं. पण ती चालायला चिवट निघाली. दमली की थांबे, पण बसली नाही. अकराच्या सुमारास दोघं वशिंडाच्या टोकावर पोचली. पश्चिमेला खाडी, तिच्यापुढे दर्या, उन्हात लखलखणारा. जहुरानं कपाळावर आडवा हात धरून सगळं नजरेखालून घातलं. मग म्हणाली, एवढं मोठं असतं होय, आणि तुम्ही तिथनं हे बघत यायचा. खलील म्हणाला, व्हय. तिनं त्याचा वाकड्या बोटांचा हात धरला, सरळ सगळ्यांसमोर धरावा तसा. तिथं कुणी नव्हतं म्हणा.

उतरताना पठारावर धुक्यानं गाठलं. हां हां म्हणता दहा पावलांपुढचं दिसेना. सदा गुरं घेऊन खाली गेला होता, फोनला रेंज नव्हती. खलील सवयीनं वर बघू लागला, डावीकडे वळला, पुन्हा वळला, आणि दोघं कुठे आहेत ते त्याला कळेना.  दोह्याची ती न उघडणारी खिडकी त्याला स्पष्ट दिसली.

मग त्यानं वाकून चप्पल काढली. जहुराला म्हणाला, माझ्या सदऱ्याचं टोक धर, सोडू नकोस. आणि डोळे मिटले. खरंच मिटले, कारण उघडे असले की ते वर जात होते. पायाखाली ओलं गवत. वीस पावलं, गवतच. परत फिरला. दुसऱ्या अंगाला गवत, मग बारीक खडी. खडी म्हणजे वाट डावीकडे असणार. पंधरा पावलांवर गार, गुळगुळीत कातळ लागला, त्याच्या कडेला ढोरांच्या खुरांचा चिखल. त्याच्या पायांनी तो चिखल ओळखला. पुढे तो थांबला नाही. पाणवठ्याशी धुकं विरलं तेव्हा जहुराच्या मुठीतला सदरा चुरगळून गेला होता.

घरी आल्यावर दोघं पडवीत बसली. खलील खोटं बोलणारा नव्हता, हीच त्याची अडचण.

"वर मी हरवलो होतो," तो म्हणाला. "अर्धा तास तरी. तू हारिसला सांग."

जहुरानं फोन लावला. तिनं सगळं सांगितलं, धुकंही, अर्धा तासही, मिटलेले डोळेही. पलीकडून हारिस म्हणाला, म्हणजे हरवलेच ना, मग ठरलं. खलील खाली बघत राहिला.

"न्हाय," जहुरा म्हणाली. "आणायला दुसरं कुणी जावं लागलं तर माणूस हरवला. आज कुणी आलं न्हाय. त्यांनी स्वतःला आणलं, आणि मलाबी आणलं." मग तिनं सांगितलं, "तू ये सुट्टीला. येताना डोंगरात चालायचे बूट आण, माझ्या मापाचे. त्यांना नकोत."