काकांच्या पुस्तकातली खूण

सूड म्हटलं की लोकांना मारामारी आठवते. माझा सूड भिजवलेल्या पोह्यांचा आहे. दर वर्षी त्याच तारखेला मी पोह्यांत नारळ, साखर, खजूर घालून मलिदा करते आणि प्रार्थनेला माझ्या नवऱ्याच्या काकांनाच बोलावते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. नवस असो की आभार, आमच्यात मलिदा होतो, आणि आमच्या सोलापूरकर घरांत हिब्रू वाचणारे आता काका एकटेच उरलेत.

लहानपणीच्या तापानं माझ्या हृदयाची झडप आवळलेली. चौथा महिना सरत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, दिवस पुढे गेले तर तुम्ही वाचणार नाही, गर्भ काढावा लागेल. मूल मला हवं होतं. टोपडंसुद्धा विणून झालं होतं. धर्म सांगेल ते करू म्हणून मी काकांकडे गेले.

काका डोळे मिटून म्हणाले, "आपल्यात ते पाप हाय. आन् माणसं उरली किती आपली? प्रार्थनेला धा पुरुष लागत्यात, त्यातले दोघं पुण्याहून बोलवायचे. देवावर सोड. मी मलिदा बोललोय."

सोडलं देवावर. आधी जिना चढवेना, मग आडवं पडवेना. तीन आठवड्यांनी एका दुपारी फुप्फुसात पाणी भरलं आणि मला उचलून दवाखान्यात नेलं. गर्भ काढायच्या कागदावर मी सही केली. मी वाचले, मूल गेलं. ते जाणारच होतं, पण त्या तीन आठवड्यांत ते हलायला लागलं होतं. हे मी काकांना कधीही माफ करणार नाही.

पुढे इस्राएलला राहणाऱ्या माझ्या आत्याचा फोन आला. तिनं तिथल्या धर्मगुरूंना विचारलं होतं. आईच्या जिवावर बेतलं तर बाळाचं डोकं बाहेर येईपर्यंत आईचाच जीव आधी, हे फार जुनं वचन आहे म्हणाली, काकांच्या पुस्तकातही असेल बघ.

काका ज्यातून धर्म सांगायचे त्या जाड पुस्तकात एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मराठी तर मला येत होतं. बायकांनी हात लावू नये असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही कुणी कधी लावला नव्हता. काका बाजारात गेले असताना मी ते उघडलं. पान सापडलं. शेजारी काकांच्या हातची पेन्सिलीची रेघ होती, जुनी, पुसट झालेली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

मी भांडले नाही. बरी झाल्यावर जीव वाचल्याचा मलिदा केला, पुण्याच्या दोघांनाही बोलावलं. प्रार्थना झाल्यावर काकांपुढे ते पान उघडून ठेवलं आणि मराठी वाचायला सांगितलं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुटपुटायला लागले.

मी मागून, बायकांत बसून म्हणाले, "काका, मोठ्यानं. हितं ऐकू येत न्हाय."

तेव्हापासून दर वर्षी वाचतात. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पुस्तक बाजूला सारून म्हणाले, "दिसत न्हाय गं सूनबाई. सोड की आता."

"पाठ झालं असंल की, काका."

त्यांनी म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. मग मलिद्याचं पहिलं ताट मी त्यांनाच दिलं.