चुलीपाशी गेलेली बासरी

शेजारची विधवा बाई पन्नाशीत बासरी शिकू लागली, तर तुम्ही खिडकी उघडाल की लावून घ्याल?

महाल पेठेतल्या आमच्या आळीनं खिडक्या लावून घेतल्या. शेजारच्या काकूंचा भाऊ कामठीच्या छावणीत शिंपी होता. मायदेशी परतणाऱ्या एका आयरिश शिपायानं आपली काळ्या लाकडाची बासरी त्याला दिली, आणि त्यानं ती बहिणीला. दुपारी भांडी आवरली की काकू परसातल्या पेरूखाली बसून फुंकत. बहुतेक वेळा नुसती हवाच निघे. चुकून सूर लागला, की भिंतीवरून मला हाक मारत, "ऐकलं काय गा? निंगाला! काहून हसून राहिला? तुले तरी येते काय?" आणि पदर सावरायचं विसरून स्वतःच हसत. एरवी त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

लोक बोलू लागले, तेव्हा त्यांच्या दिरानं बासरीचं तोंडाकडचं बंद टोक करवतीनं कापून तिची फुंकणी केली आणि ती चुलीपुढं टाकली. "फुकायचंच हाय तं आता चूल फुका, वहिनी!"

आता काकू तिनंच चूल फुंकतात. परवा मी विस्तव मागायला गेलो, तेव्हा धुरात त्यांची बोटं भोकांवरून एकेक करून उठत होती, पुन्हा बसत होती. लाकडं केव्हाच पेटली होती, तरी त्या फुंकतच होत्या.

समाजसुधारणेच्या सभा होतील तेव्हा होतील. आज तुमच्या भिंतीपलीकडं कुणी चुकत चुकत शिकत असेल, तर खिडकी उघडा आणि तिला ऐकू जाईल असं म्हणा, "पुन्हा वाजवा."